घानाच्या पलटणीची कुळकथा

वाचकहो, पश्चिम आफ्रिकेत घाना नावाचा देश आहे. त्याची राजधानी अक्रा. या अक्रा शहरात घानाच्या लष्कराचे मुख्य ठाणे आहे आणि त्या ठाण्याचे नाव आहे 'बर्मा कॅम्प'. बर्मा म्हणजे आपल्या पूर्वेच्या सरहद्दीला लागून असलेला ब्रह्मदेश. तिथून पश्चिमेला ताकोराडी नावाचे बंदर लागते. तिथल्या पलटणीच्या वसाहतीला म्याओहाउंग बॅरॅक्स म्हणतात. म्याओहाउंग हे ब्रह्मदेशातल्या आराकान प्रांताचे जुने राजधानीचे गाव. आता मजा पहा. ब्रह्मदेश कुठे आणि घाना कुठे! मध्ये सगळा हिंदी महासागर आणि सगळे आफ्रिका खंड आडवे पडले आहे. मग ही नावे तिथे गेली कशी?

आपल्याकडे सोयरीक जमवताना मूळ गाव विचारतात, कूळ विचारतात. सैन्यालाही कूळ असते. ते पहिल्याने कोणी उभे केले, कोणाविरुद्ध उभे केले, शिपाई कुठून आणले, हुकूम कोणत्या भाषेत दिला, या गोष्टी पुढे शंभर वर्षे त्या सैन्याच्या अंगात मुरलेल्या असतात. घानाच्या पलटणीची कुळकथा म्हणूनच सांगण्याजोगी आहे. या कथेत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो, तो म्हणजे हे सैन्य कोणाचे?

शिक्षकबंधूंनी भिंतीवर आफ्रिकेचा नकाशा लावावा. पश्चिमेकडे जिथे किनारा आत वळून गिनीचे आखात तयार झाले आहे तिथे बोट ठेवावे. पश्चिमेला आयव्हरी कोस्ट, पूर्वेला टोगो, उत्तरेला बुर्किना फासो आणि मध्ये घाना. आकाराने आपल्या महाराष्ट्रापेक्षा थोडा लहान. दक्षिणेत दाट जंगल आणि कोकोच्या बागा, उत्तरेत मोकळे गवताळ माळ. या किनाऱ्यावर सोने मिळे, म्हणून युरोपियनांनी याला गोल्ड कोस्ट, म्हणजे सुवर्णकिनारा, असे नाव दिले. पोर्तुगीजांनी १४८२ साली एल्मिना येथे पहिला किल्ला बांधला. मागून डच, डेन, इंग्रज आले. सोन्याच्या जोडीला माणसांचाही व्यापार सुरू झाला, आणि किनाऱ्यावरचे किल्ले गुलामांच्या कोठारांनी भरले.

पण या किल्ल्यांच्या मागे, जंगलात, एक बलाढ्य राज्य होते. त्या लोकांचे नाव असांते. जुन्या इंग्रजी पुस्तकांत त्यांना 'अशांती' म्हटले आहे. आपल्या कानाला त्याचा भलताच अर्थ लागतो, म्हणून आपण असांते असेच म्हणू या. त्यांची राजधानी कुमासी. ओसेई टुटू नावाच्या राजाने १७०१ च्या सुमारास शेजारच्या डेंकिरा राज्याचा पराभव केला, आणि तेव्हापासून या राज्याचा उत्कर्ष झाला. राज्याचा प्राण म्हणजे एक सोन्याचे आसन. ते आकाशातून उतरले अशी लोकांची श्रद्धा. त्यावर राजाही बसत नसे, कारण त्यात सगळ्या लोकांचा आत्मा आहे असे मानत.

असांते सैन्याची रचना लक्षात ठेवण्यासारखी आहे. बारमाही पगारी फौज नव्हती. युद्ध आले की प्रत्येक सरदार आपापल्या गावची माणसे घेऊन हजर व्हायचा. पण हजर झाल्यावर गोंधळ नसे, कारण प्रत्येकाची जागा पिढ्यान्पिढ्या ठरलेली. पुढे हेर. त्यांच्या मागे बिनीची तुकडी, तिला आडोंतेन म्हणत. उजवी बगल ती निफा, डावी बगल ती बेंकुम, आणि पिछाडीला आपल्या चंदावलासारखी कीडोम. या तुकड्यांचे जे प्रमुख, तेच शांततेच्या काळात राजाच्या सभेत बसत. आजही त्या भागात सरदारांच्या पदव्या आडोंतेनहेने, निफाहेने, बेंकुमहेने अशाच आहेत. 'हेने' म्हणजे प्रमुख. लढाई संपून शतक उलटले, तरी रणांगणातली जागा पदवीच्या रूपाने राहिली आहे.

किनाऱ्यावरच्या फांते लोकांची तऱ्हा निराळी. त्यांच्या प्रत्येक गावात 'आसाफो' नावाची पथके असत. 'सा' म्हणजे युद्ध आणि 'फो' म्हणजे माणसे. मुलगा बापाच्या पथकात जायचा. प्रत्येक पथकाचे निशाण वेगळे, त्यावर कापडाचे तुकडे शिवून काढलेली चित्रे, आणि एकाचे निशाण दुसऱ्याने वापरले तर हाणामारीवर पाळी यायची. या पथकांकडे गावाचे रक्षण होतेच, पण सामान्य माणसाचा आवाजही तिथेच होता. सरदार जुलमी निघाला तर त्याला गादीवरून उतरवण्यात आसाफोवाले पुढे असत.

हे सगळे गोडच होते असे मात्र समजू नका. असांते फौजा उत्तरेकडच्या मुलखावर स्वाऱ्या करीत, तिथून माणसे खंडणीत आणि कैदेत आणीत, आणि त्यांतले कितीतरी किनाऱ्यावर विकले जात. तरीसुद्धा एक गोष्ट खरी. सैन्य आणि समाज ही दोन वेगळी नव्हती. जो शेत नांगरी तोच बंदूक उचली.

असांते आणि इंग्रज यांची गाठ पडली ती रक्तानेच. २१ जानेवारी १८२४ रोजी न्सामानकोच्या लढाईत इंग्रज गव्हर्नर सर चार्ल्स मॅकार्थी मारला गेला. लढाया होत राहिल्या. अखेर १८७४ च्या फेब्रुवारीत सर गार्नेट वुल्झली याने कुमासीत शिरून ते शहर जाळले. पण तेवढ्याने इंग्रजांचे काम भागले नाही. गोरी पलटण त्या हवेत टिकत नसे. ताप आणि हगवण यांनी ती निम्मी व्हायची. किनाऱ्यावरचे लोक भरती करावेत तर त्यांचे हितसंबंध तिथलेच. मग शिपाई आणायचे कुठून?

उत्तर सापडले ते पूर्वेला, लागोस येथे. आजच्या नायजेरियातल्या या बंदरात कॅप्टन जॉन ग्लोव्हर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हौसा लोकांचे एक हत्यारबंद पथक उभे केले होते. हे हौसा मूळचे उत्तरेकडचे. त्यांच्यातले पुष्कळजण धन्याकडून पळून आलेले गुलाम होते. इंग्रजांच्या चाकरीत त्यांना पगार मिळाला, गणवेश मिळाला, आणि मुख्य म्हणजे पुन्हा कोणी पकडून नेईल ही भीती गेली. हे ग्लोव्हरचे हौसा १८७३ साली असांते युद्धासाठी गोल्ड कोस्टवर आणले गेले. त्यांच्यातूनच १८७९ साली 'गोल्ड कोस्ट कॉन्स्टॅब्युलरी' हे दल तयार झाले. घानाच्या आजच्या सैन्याची मुळी ही. मुळीच्या या दोन बाजू नीट पाहा. शिपायाच्या दृष्टीने ती सुटकेची वाट होती. ज्या मुलखात त्याला ठेवले तिथल्या लोकांच्या दृष्टीने मात्र तो परका माणूस होता, परक्याच्या हुकमाने बंदूक रोखणारा.

याचा अनुभव १९०० साली आला. असांतेंचा राजा प्रेम्पे याला इंग्रजांनी आधीच, १८९६ मध्ये, कैद करून नेले होते. आता गव्हर्नर सर फ्रेडरिक हॉजसन कुमासीला आला आणि सरदारांच्या सभेत त्याने ते सोन्याचे आसन मागितले. ज्यावर राजाही बसत नव्हता ते आसन गव्हर्नरला बसायला हवे होते! सभा गप्प उठली. पण एजिसूची राजमाता या आसांतेवा हिने लढाईचे निशाण उभारले. गव्हर्नर आणि त्याची बायको कुमासीच्या किल्ल्यात कोंडली गेली. जूनमध्ये ती दोघे कशीबशी निसटली, आणि जुलैत कर्नल जेम्स विलकॉक्स फौज घेऊन किल्ल्यापाशी पोचला. हा विलकॉक्स पुढे १९१४ साली फ्रान्सच्या आघाडीवर हिंदी फौजेचा सेनापती होता. इंग्रजांची गोरी पलटण त्या वेळी दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धात गुंतली होती. त्यामुळे कुमासीत लढले ते मुख्यतः आफ्रिकन शिपाईच. आफ्रिकेचे मनगट वापरून आफ्रिका जिंकली गेली. आपल्या देशाचा इतिहास ज्याला माहीत आहे त्याला हे नवल वाटणार नाही. या आसांतेवा पकडली गेली आणि सेशेल्स बेटांवर हद्दपारीत १९२१ साली वारली. सोन्याचे आसन मात्र इंग्रजांच्या हाती कधी लागले नाही.

या सुमारास इंग्रजांनी आपल्या पश्चिम आफ्रिकेतल्या सगळ्या फौजा एका छत्राखाली आणायचे ठरवले होते. १८९७ साली 'वेस्ट आफ्रिकन फ्रंटियर फोर्स' या दलाचा निर्णय झाला. त्यात नायजेरिया, गोल्ड कोस्ट, सिएरा लिओन आणि गांबिया अशा चार वसाहतींची पथके. १९०१ साली जुन्या कॉन्स्टॅब्युलरीचे 'गोल्ड कोस्ट रेजिमेंट' झाले. १९२८ मध्ये या सबंध दलाला 'रॉयल' ही पदवी मिळाली.

आता भरती कोणाची होत असे? 'लढाऊ जाती' हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. अमुक जात जन्माने शूर, तमुक जात हिशेबाला बरी, असे इंग्रजांनी आपल्याकडे ठरवून टाकले होते. तेच तत्त्व तिथे लावले. दक्षिणेतला असांते शूर खरा, पण तो नुकताच लढलेला. किनाऱ्यावरचा फांते शिकलेला, तो अर्ज करतो, वर्तमानपत्र वाचतो, हक्क विचारतो. म्हणून भरतीवाले उत्तरेकडच्या माळरानावर जात. ग्रुन्शी, डागोम्बा, मोशी, फ्राफ्रा अशा लोकांतून शिपाई घेत. या भागात शाळा जवळजवळ नव्हत्या आणि रोख पैसा मिळवण्याचे दुसरे साधनही फारसे नव्हते. पलटणीतली बोली हौसा. गोरा अधिकारी ती शिकायचा आणि शिपायाशी हौसात बोलायचा. त्यामुळे शिपाई इंग्रजी न शिकताच निवृत्त व्हायचा. सगळे अधिकारी गोरे, सगळे शिपाई काळे, आणि मधली शिडी काढून टाकलेली. अशी ही घडण होती.

या पलटणीने पहिल्या महायुद्धात जर्मन टोगो घेतला. ऑगस्ट १९१४ मध्ये त्या मोहिमेत अल्हाजी ग्रुन्शी नावाच्या शिपायाने झाडलेली गोळी ही त्या महायुद्धात ब्रिटिश फौजेतल्या शिपायाने झाडलेली पहिली गोळी समजली जाते. युरोपातल्या राजांचे भांडण, आणि पहिला बार उडाला तो टोगोच्या रानात! पुढे ही पलटण कॅमेरूनमध्ये आणि नंतर पूर्व आफ्रिकेत लढली.

दुसऱ्या महायुद्धाने मात्र सगळी मोजमापे बदलली. गोल्ड कोस्टमधून सुमारे ६५,००० माणसे सैन्यात गेली. नुसत्या बंदूकवाल्यांवर आता भागणार नव्हते. मोटार चालवणारे, तारयंत्रवाले, सुतार, लोहार, कारकून, दवाखान्यातले मदतनीस हवे होते. तेव्हा शिकलेल्या दक्षिणेचीही दारे ठोठावावी लागली. अचिमोटाच्या विद्यालयात शिकवणारे सेथ अँथनी हे सैन्यात गेले आणि १९४२ साली ब्रिटिश सैन्यात अधिकाऱ्याची सनद मिळवणारे आपल्या भागातले पहिले आफ्रिकन ठरले. शिडीची पहिली पायरी एका शिक्षकाने बसवली, हे आपल्या शिक्षकवर्गाने ध्यानात ठेवावे.

गोल्ड कोस्टच्या पलटणी आधी सोमालीलँड आणि इथिओपियात इटालियनांशी लढल्या. मग १९४३ मध्ये पश्चिम आफ्रिकेची ८१ वी डिव्हिजन, आणि तिच्या मागोमाग ८२ वी, हिंदुस्थानात आली. त्यांच्यातले पुष्कळसे शिपाई आपल्या मुंबई बंदरातच उतरले आणि आगगाडीने पूर्वेकडे रवाना झाले. ८१ व्या डिव्हिजनच्या बाहीवर काळ्या कोळ्याचे चित्र होते. हा कोळी म्हणजे घानातल्या लोककथांतला आनान्से. अंगात बळ थोडे पण अक्कल मोठी असलेला, बलवानांना फसवून निसटणारा. आपल्या गोष्टींतला कोल्हाच म्हणा ना!

आराकानातल्या कलादन नदीच्या खोऱ्यात ही डिव्हिजन उतरली. तिथे रस्ता नव्हता. शिपायांनी हाताने डोंगर फोडून सुमारे ७५ मैलांची जीपची वाट तयार केली. त्यापुढे वाटही नव्हती. विमानातून टाकलेली रसद गोळा करायची आणि डोक्यावर वाहून न्यायची. आफ्रिकन पलटणींबरोबर डोक्यावर ओझी नेणाऱ्यांची स्वतंत्र पथके होती. त्यांच्या बळावरच हे सैन्य वाट नसलेल्या रानात चालत राहिले. जानेवारी १९४५ मध्ये या दोन्ही डिव्हिजनांनी म्याओहाउंग घेतले. बर्मा कॅम्प आणि म्याओहाउंग बॅरॅक्स ही नावे घानात कशी पोचली, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल.

युद्ध संपले, तरी जहाजांची वाट पाहण्यात कित्येक महिने गेले. या मुक्कामात त्यांनी पुष्कळ पाहिले. गोरा शिपाईही घाबरतो, गोऱ्याचाही पराभव होतो, हे पाहिले. हिंदुस्थानात उघड्या मैदानावर स्वराज्याच्या सभा होतात हेही पाहिले. पण एवढ्यावरून सगळे शिपाई देशभक्त पुढारी होऊन परतले असे म्हणणे बरोबर नाही. बहुतेकांना फक्त घरी जायचे होते. हातात थोडी रक्कम येईल, नोकरी मिळेल, एखादी मोटार घेऊन धंदा करू, एवढीच त्यांची स्वप्ने होती. त्यांना कबूल केलेल्या गोष्टी मिळाल्या असत्या तर कदाचित इतिहास थोडा वेगळा झाला असता.

त्या मिळाल्या नाहीत. नोकऱ्या नव्हत्या, पेन्शन तुटपुंजी, आणि महागाई तर विचारू नका. २८ फेब्रुवारी १९४८, शनिवार. अक्रामध्ये माजी सैनिकांचा मोर्चा निघाला. हातात शस्त्र नाही, खिशात गव्हर्नरला द्यायचा अर्ज. गव्हर्नर राहत असे तो ख्रिश्चनबोर्गचा समुद्राकाठचा जुना किल्ला. किल्ल्याकडे जाणाऱ्या चौकात पोलिसांनी मोर्चा अडवला. कोलिन इमरे या गोऱ्या पोलीस अधिकाऱ्याने गोळी झाडण्याचा हुकूम दिला. त्याचे आफ्रिकन शिपाई थबकले. तेव्हा त्याने एकाच्या हातची बंदूक घेऊन स्वतःच गोळ्या झाडल्या. सार्जंट अजेटे, कॉर्पोरल अटिपो आणि प्रायव्हेट ओडार्टे लाम्टे हे तिघे माजी सैनिक जागच्या जागी पडले.

या एका चौकात सबंध प्रश्न उभा होता. गोळी खाणारे साम्राज्यासाठी लढून आलेले. समोर रांगेत उभे असलेले पोलीसही त्यांचेच देशबांधव. फक्त हुकूम परका. त्या हुकमापाशी काळा शिपाई क्षणभर थबकला, आणि त्या क्षणातच पुढचे राज्य डळमळले. शहरात दंगल पेटली, ती इतर गावांत पसरली, आणि २९ माणसे प्राणाला मुकली. एक योगायोग सांगतो. नेमक्या त्याच दिवशी, २८ फेब्रुवारी १९४८ रोजी, आपल्या मुंबईला गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीतून शेवटची गोरी पलटण, सॉमरसेट लाइट इन्फन्ट्री, हिंदुस्थान सोडून जहाजावर चढत होती.

दंगलीनंतर सरकारने क्वामे न्क्रुमा यांच्यासह सहा पुढाऱ्यांना अटक केली. पण आता गाडा थांबणार नव्हता. १९५१ साली निवडणुका झाल्या. न्क्रुमा तुरुंगातून थेट सरकारात आले, आणि ६ मार्च १९५७ रोजी गोल्ड कोस्ट हे घाना या नावाने स्वतंत्र झाले. झेंडा बदलला, रेजिमेंटचे नावही बदलले. पण बाकी? सेनापती इंग्रजच, मेजर जनरल पॅली. त्यांच्यामागून आले तेही इंग्रजच, मेजर जनरल अलेक्झांडर. घानाचे स्वतःचे अधिकारी मूठभर. अधिकारी काही एका रात्रीत तयार होत नाही. मेजर व्हायला दहा-बारा वर्षे घालवावी लागतात, आणि ती वर्षे इंग्रजांनी वाया घालवली होती. अक्राजवळ तेशी येथे लष्करी अकादमी सुरू झाली. १९५९ मध्ये आरमार आणि विमानदल उभे राहिले. या विमानदलाच्या उभारणीला इस्रायलचा आणि आपल्या देशाचाही हातभार लागला. त्याचे पहिले प्रमुख आपल्या हवाई दलातले एअर कमोडोर जसवंत सिंग होते.

आणि लगेच परीक्षा आली. १९६० च्या जूनअखेर काँगो स्वतंत्र झाला आणि तिथे अंदाधुंदी माजली. घानाने संयुक्त राष्ट्रांच्या निशाणाखाली आपल्या पलटणी धाडल्या. न्क्रुमांचे मन काँगोचे पंतप्रधान लुमुंबा यांच्या बाजूचे. पण पलटण संयुक्त राष्ट्रांच्या हुकमाखाली. सप्टेंबरमध्ये लुमुंबा लिओपोल्डव्हिलच्या नभोवाणी केंद्रावर भाषण करायला आले, तेव्हा त्यांना दारातच अडवले ते घानाच्याच शिपायांनी! राष्ट्राध्यक्ष मित्र म्हणतो, शिपाई दार अडवतो. पुढे एप्रिल १९६१ मध्ये पोर्ट फ्रँकी येथे घानाचे सुमारे चाळीस शिपाई एका हल्ल्यात मारले गेले. त्या वर्षी आपली हिंदी ब्रिगेडही काँगोत होती. काँगोहून परतलेल्या अधिकाऱ्यांच्या मनात एक कडू प्रश्न घर करून बसला. राजकारणी आपल्याला कुठे नेत आहेत?

सप्टेंबर १९६१ मध्ये न्क्रुमांनी अलेक्झांडर आणि त्यांचे गोरे सहकारी यांना दूर केले. घानाचे सैन्य घानाच्या अधिकाऱ्यांच्या हाती आले, ही योग्यच गोष्ट झाली. पण त्याच वेळी न्क्रुमांचा सैन्यावरचा विश्वास उडत चालला होता. त्यांनी आपल्या संरक्षणासाठी वेगळी 'प्रेसिडेंट्स ओन गार्ड रेजिमेंट' ठेवली, आणि तिला नवी शस्त्रे मिळू लागली. १९६४ मध्ये देशात एकच पक्ष उरला. १९६५ मध्ये वरचे दोन सेनाधिकारी, ओटू आणि अंक्रा, सक्तीने निवृत्त झाले. कोकोचा भाव घसरला, महागाई वाढली. २४ फेब्रुवारी १९६६ रोजी न्क्रुमा परदेश दौऱ्यावर असताना कर्नल कोटोका, मेजर आफ्रिफा आणि पोलीसप्रमुख हार्ली यांनी सत्ता हाती घेतली. उठावाला नकार देणारे मेजर जनरल बारवा त्या पहाटे मारले गेले.

लोक रस्त्यावर नाचले, हे खरे आहे. पण दाराची कडी एकदा निघाली की वारा कुठूनही येतो. १९६९ साली नागरी सरकार आले. ते १९७२ मध्ये कर्नल अचेआंपोंग यांनी उलथले. १९७८ मध्ये त्यांनी 'युनियन सरकार' नावाची योजना लोकांपुढे ठेवली. सैन्य, पोलीस आणि नागरिक यांनी मिळून राज्य करायचे! म्हणजे पहारेकऱ्याने घराच्या सातबाऱ्यावर आपले नाव लावून मागितले. त्याच वर्षी त्यांच्याच सहकाऱ्यांनी त्यांना घालवले. ४ जून १९७९ ला खालच्या दर्जाच्या शिपायांनी बंड करून फ्लाइट लेफ्टनंट जेरी रॉलिंग्ज यांना तुरुंगातून सोडवले आणि सत्तेवर बसवले. त्या महिन्यात आठ वरिष्ठ अधिकाऱ्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांत अचेआंपोंग, अकुफो आणि आफ्रिफा हे तीन माजी राष्ट्रप्रमुख होते. ज्या आफ्रिफांनी १९६६ ला ही वाट पाडली, ती वाट त्यांना इथे घेऊन आली. त्यानंतर तीन महिन्यांनी नागरी सरकार, आणि दोन वर्षांनी, ३१ डिसेंबर १९८१ ला, पुन्हा रॉलिंग्ज. पुढची अकरा वर्षे राज्यघटना गुंडाळून ठेवलेलीच होती.

वाचकहो, या धामधुमीत सगळ्यांत जास्त मोडले कोण? सैन्यच मोडले. शिपाई अधिकाऱ्याला अटक करू लागला तर पलटण उरते कुठे? राज्य करायला गेलेले सैन्य आधी आपली शिस्त गमावते, हे घानाच्या सैनिकांनी स्वतःच्या रक्ताने शिकून घेतले.

१९९२ साली सार्वमताने नवी घटना मंजूर झाली. राष्ट्राध्यक्ष सैन्याचा सरसेनापती, सैन्याच्या कारभारासाठी उपराष्ट्राध्यक्षाच्या अध्यक्षतेखाली परिषद, आणि संसदेच्या कायद्याशिवाय कोणीही सशस्त्र दल उभारायचे नाही, असे नियम त्यात आहेत. ७ जानेवारी २००१ रोजी रॉलिंग्ज यांनी निवडणुकीत निवडून आलेल्या विरोधी पक्षाच्या कुफोर यांच्या हाती सत्ता दिली आणि ते घरी गेले. त्यानंतर २००९, २०१७ आणि २०२५ अशी तीन वेळा सत्ता एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेली. सैन्य बराकीतच राहिले.

आज या सैन्याचे तीन विभाग आहेत. उत्तर विभाग तामाले येथे, मध्य विभाग कुमासीला आणि दक्षिण विभाग किनाऱ्यावर. पायदळाच्या पलटणी ताकोराडी, सुन्यानी, कुमासी, तामाले अशा गावोगावी ठेवल्या आहेत. १९०० साली गव्हर्नर जिथे कोंडला गेला होता, त्या कुमासीच्या किल्ल्यात लष्करी संग्रहालय आहे. आणि या सैन्याचे नाव आता जगात होते ते शांतिसेनेतल्या कामामुळे. लेबॅनॉनमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या दलाचे पहिले सेनापती घानाचे जनरल एर्स्किन होते. १९९४ मध्ये रुआंडात कत्तल चालू असताना एकेक राष्ट्र आपले शिपाई काढून घेत होते. त्या वेळी ब्रिगेडियर हेन्री अन्यिडोहो यांच्या नेतृत्वाखाली घानाचे शिपाई मागे राहिले आणि त्यांच्या आश्रयाने अनेकांचे जीव वाचले. पळालेल्या गुलामांच्या पथकापासून सुरू झालेली ही पलटण परक्या देशात, ज्यांच्याशी तिचे कसले नाते नव्हते अशा माणसांच्या दारावर पहारा देत उभी राहिली.

सैन्य कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर एकदा देऊन भागत नाही. इंग्रजांच्या काळी ते उत्तर लंडनहून येत असे. स्वातंत्र्यानंतर काही वर्षे ते एका पुढाऱ्याचे झाले, मग अधिकाऱ्यांचे, मग बंडखोर शिपायांचे. ते लोकांचे व्हायला पस्तीस वर्षे लागली, आणि लोकांनी मतपेटी नीट सांभाळली तरच ते लोकांचे राहील.

दर वर्षी २८ फेब्रुवारीला अक्रामध्ये एक समारंभ होतो. १९४८ साली चौकात पडलेल्या त्या तिघांच्या स्मरणार्थ पुष्पचक्रे वाहिली जातात. आजचे शिपाई तिथे गणवेशात ताठ उभे राहून सलामी देतात, ती हातात शस्त्र नसलेल्या आणि खिशात नुसता अर्ज असलेल्या तीन माजी शिपायांना.